बावीस हजार रुपये आणि पाच डॉक्टर : १९३८ साली चीनच्या बाजूनं उभं राहताना

आजचा विषय एका वाक्यात सांगायचा तर असा : एखाद्या देशावर दुसऱ्या देशाचं सैन्य चालून जातं, तेव्हा लांबच्या तिसऱ्या देशातल्या माणसांनी काय करावं? २०२२ साली रशियानं युक्रेनवर आक्रमण केलं, तेव्हापासून हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. निषेधाच्या पत्रकावर सह्या करून, मेणबत्त्या लावून काय होतं, असा त्यातला सूर असतो. प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर हवेत देण्यापेक्षा एक जुना हिशोब उघडून बघावा, असं मला वाटतं. हिशोब १९३८ सालचा आहे. देश चीन, आक्रमण करणारा जपान आणि लांबून बघणारे आपण. म्हणजे तेव्हाचा हिंदुस्थान, जो स्वतःच गुलाम होता.

आधी शब्दाबद्दल थोडं. त्या काळच्या ठरावांत आणि वर्तमानपत्रांत 'सहानुभूती' हा शब्द येतो. नंतरच्या डाव्या चळवळीनं मराठीत 'बांधिलकी' हा शब्द रुळवला. मला दुसरा शब्द जास्त प्रामाणिक वाटतो, कारण त्यात बांधून घेणं आहे. सहानुभूती घरी बसून वाटते. बांधून घेतलं की काहीतरी द्यावं लागतं. म्हणून आज आपण सारखं एकच विचारत राहणार आहोत : कोणी काय दिलं, आणि कोणाच्या खिशातून गेलं?

चीनचं आणि आपलं नातं म्हटलं की बुद्ध, ह्युएन त्संग, रेशीम असं सगळं सुरू होतं. ते खरंच आहे. पण १९३८ च्या आधीची शंभर वर्षं बघितली तर चित्र वेगळं दिसतं. चीनच्या सामान्य माणसाला हिंदुस्थानी माणूस दिसला तो मुख्यतः दोन रूपांत. एक, अफूची पेटी आणि दुसरं, इंग्रजांचा शिपाई. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. मुंबईतल्या बड्या व्यापारी घराण्यांची संपत्ती त्या व्यापारावर वाढली. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय आपल्याला अभिमानाचं आहे, आणि ते असायलाही हवं. पण त्या देणगीमागच्या पैशात चीनच्या व्यापाराचा वाटा मोठा होता, हेही आठवणीत ठेवू. अफूच्या युद्धांत हिंदुस्थानी पलटणी होत्या. १९०० साली बॉक्सर बंड मोडायला गेलेल्या फौजेत आपले शिपाई होते. ३० मे १९२५ रोजी शांघायमध्ये निदर्शकांवर गोळीबार झाला, तेव्हा हुकूम इंग्रज अधिकाऱ्याचा होता आणि बंदुका धरणाऱ्यांत शीख पोलीस होते.

म्हणजे लक्षात घ्या, आक्रमण झालेल्या देशाशी आपलं नातं कोऱ्या पाटीचं नव्हतं. पाटीवर आधीच काहीतरी लिहिलेलं होतं, आणि ते आपल्या हातून लिहिलं गेलं होतं, मग हुकूम कोणाचाही असो.

हे पुसायचा पहिला प्रयत्न १९२७ मध्ये झाला. त्या वर्षी इंग्रजांनी शांघायला फौज पाठवली, तीत पुन्हा हिंदुस्थानी सैनिक. त्याच वर्षी ब्रुसेल्सला गुलाम राष्ट्रांची परिषद भरली. तिथे जवाहरलाल नेहरू चिनी प्रतिनिधींना भेटले आणि दोन्ही देशांच्या प्रतिनिधींनी मिळून निवेदन काढलं. इकडे हुबळीच्या डॉ. ना. सु. हर्डीकरांच्या हिंदुस्थानी सेवादलानं चीनला वैद्यकीय पथक पाठवायचं ठरवलं. सरकारनं पासपोर्ट नाकारले. मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनात या नकाराचा निषेध झाला आणि विषय तिथेच थांबला. १९२७ साली चीनमध्ये बंदुका इंग्रजांच्या होत्या, त्यामुळे पासपोर्ट मिळाला नाही. १९३८ साली बंदुका जपानच्या होत्या, मिळाला. आपण कोणाच्या दुःखात सहभागी व्हायचं, हेसुद्धा सरकारी शिक्क्यावर ठरत होतं.

७ जुलै १९३७ ला बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी चकमक झाली आणि जपाननं पुरं युद्ध सुरू केलं. वर्ष संपेपर्यंत शांघाय पडलं, राजधानी नानजिंग पडली आणि तिथे जे हत्याकांड झालं त्याचं वर्णन मी इथे करत नाही. नोव्हेंबरात चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेचे सरसेनापती चू द यांनी नेहरूंना पत्र लिहिलं. या पत्रव्यवहारामागे अमेरिकन पत्रकार ॲग्नेस स्मेडली होत्या, त्यांची हिंदुस्थानी क्रांतिकारकांशी जुनी ओळख. पत्रात नुसता आशीर्वाद मागितलेला नव्हता. डॉक्टर पाठवा, शस्त्रक्रियेचं सामान पाठवा, अशी स्पष्ट मागणी होती. मला या पत्राचं महत्त्व वाटतं ते एवढ्यासाठी, की ज्याच्या घराला आग लागली आहे त्यानंच सांगितलं की बादली पाहिजे. आपण आपल्या सोयीनं घोंगडी पाठवली नाही.

फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुऱ्याला काँग्रेसचं अधिवेशन झालं. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस. चीनबद्दल ठराव झाला, आणि लोकांनी जपानी माल वापरू नये असं आवाहन झालं. ठरावाचा हा दुसरा भाग इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत उरकतात. मी जरा थांबणार आहे, कारण खरा हिशोब इथेच आहे.

जपानी माल म्हणजे काय होतं? तुमच्या आजी-पणजीच्या तोंडी 'जपानी' हा शब्द आजच्यासारखा गाड्या-कॅमेऱ्यांसाठी नव्हता. जपानी म्हणजे स्वस्त आणि न टिकणारं. कचकड्याच्या बाहुल्या, बांगड्या, विजेचे दिवे, नकली रेशीम आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे कापड. जपानी कापड इतकं स्वस्त पडायचं की मुंबई, अहमदाबाद आणि सोलापूरच्या गिरणीमालकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. १९३३ साली सरकारनं बिगरब्रिटिश कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. जपानी गिरण्यांनी उलट डाव टाकला : आम्ही तुमचा कापूसच घेणार नाही. आता हिंदुस्थानी कापसाचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक होतं जपान. वऱ्हाड-खानदेशचा आखूड धाग्याचा कापूस लँकेशरला फारसा चालत नसे, जपानला चालायचा. शेवटी १९३४ च्या सुरुवातीला तह झाला. जपाननं वर्षाला १० लाख गासड्या कापूस घेतला तर त्याला ३२ कोटी ५० लाख वार कापड इथे विकता येईल. १५ लाख गासड्या घेतल्या तर ४० कोटी वार. म्हणजे यवतमाळच्या शेतकऱ्याचा कापूस आणि ओसाकाचं कापड कायद्यानंच एका दोरीत बांधलं गेलं.

आता या पार्श्वभूमीवर हरिपुऱ्याचं आवाहन पुन्हा वाचा. जपानी कापड घेऊ नका. गिरणीमालकाला यात काय तोटा? काहीच नाही, उलट फायदा. शहरातल्या गरीब गिऱ्हाइकाला तोटा, कारण त्याचं स्वस्त धोतर-लुगडं गेलं. आणि बहिष्कार खरोखर यशस्वी झाला असता तर वऱ्हाडातल्या कापूसवाल्याला तोटा, कारण कापड कमी खपलं की गासड्याही कमी उचलल्या जाणार. प्रत्यक्षात १९३७-३८ मध्ये जपाननं कापसाची खरेदी कमी केलीच, पण ती आपल्या बहिष्काराच्या भीतीनं नव्हे. युद्धासाठी परकीय चलन वाचवायचं होतं म्हणून. शेतकऱ्याला मात्र कारण कुठलंही असलं तरी भाव पडलेलाच दिसतो.

मी हे बहिष्काराची थट्टा करायला सांगत नाही. काँग्रेसच्या हातात तेव्हा काही प्रांतांची मंत्रिमंडळं होती, पण जकात, परराष्ट्र धोरण, सैन्य यांतलं काहीच नव्हतं. गिऱ्हाइकाला आवाहन करणं एवढंच हाताशी होतं. माझं म्हणणं इतकंच की 'आम्ही चीनच्या पाठीशी आहोत' या वाक्यातल्या 'आम्ही'त गिरणीमालकही आहे आणि कापूसवालाही, आणि दोघांकडून सारखी वर्गणी घेतली जात नाही. हा मुद्दा तेव्हा फार कमी लोकांनी उघड मांडला. आजही तेल, गहू, खत यांच्या बाबतीत तो दबक्या आवाजातच मांडला जातो.

असो. आता पैशांकडे आणि माणसांकडे येऊ. ३० जून १९३८ ला बोस यांनी निवेदन काढून वैद्यकीय पथकासाठी मदत मागितली. जुलैच्या ७ ते ९ तारखांना, म्हणजे आक्रमणाच्या वर्षदिनाला धरून, देशभर चीन-दिन आणि निधी-दिन पाळले गेले. जमले २२ हजार रुपये. आज ऐकायला किरकोळ वाटतं. तेव्हाही एका राष्ट्रानं दुसऱ्या राष्ट्राला द्यायची मदत म्हणून ते फार नव्हते. पण ही सरकारी मदत नव्हती. सभांमधून, फेऱ्यांमधून गोळा झालेला पैसा होता. त्यातून एक रुग्णवाहिका, औषधं आणि सामान उभं राहिलं.

आणि पाच डॉक्टर. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल. ते नुकतेच स्पेनमधून आले होते, तिथल्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूनं त्यांनी जखमींची सेवा केली होती. उपप्रमुख नागपूरचे डॉ. मो. रा. चोळकर, वयानं सगळ्यांत मोठे. कलकत्त्याचे डॉ. देवेश मुखर्जी. कलकत्त्याच्याच डॉ. रणेन सेन यांचं नाव ठरलं होतं, पण त्यांच्या डाव्या राजकारणामुळे सरकारनं पासपोर्ट दिला नाही, आणि जागेवर आले डॉ. विजयकुमार बसू. आणि पाचवे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस, वय वर्षं सत्तावीस.

सोलापूर हे नाव इथे नुसतं जन्मगाव म्हणून घेऊ नका. मे १९३० मध्ये याच गावात इंग्रजांनी लष्करी कायदा लावला होता. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना जानेवारी १९३१ मध्ये फाशी दिली गेली. कोटणीस तेव्हा विशीत होते. आपल्या गावात रस्त्यावर लष्कर उभं राहिलं की कसं वाटतं, हे या पिढीला पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं. त्यामुळे ते चीनला गेले, असं सरळ समीकरण मी मांडणार नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात आहेत.

१ सप्टेंबर १९३८. मुंबईहून 'राजपुताना' नावाची बोट निघाली. १९३१ साली गांधीजी याच बोटीनं गोलमेज परिषदेला गेले होते. योगायोग बघा, त्याच तारखेला शांतिनिकेतनातून रवींद्रनाथ ठाकूर एक पत्र लिहीत होते. जपानी कवी योने नोगुची हे त्यांचे जुने स्नेही. नोगुचींनी त्यांना जुलैत लिहिलं होतं की चीनवरचं युद्ध हे आशियासाठी आहे, तुम्ही समजून घ्या. रवींद्रनाथांचं जपानवर प्रेम होतं, जपाननं त्यांना डोक्यावर घेतलं होतं. तरी त्यांनी अत्यंत सभ्य भाषेत आणि जराही मागे न सरता नकार कळवला. 'आशियासाठी' हा शब्द त्यांनी मानला नाही. शत्रूशी भांडण सोपं असतं हो. मित्राला सांगणं, की तुझ्या देशानं चालवलेलं हे चूक आहे, ही त्या वर्षातली सगळ्यांत अवघड देणगी होती असं मला वाटतं. त्यासाठी रवींद्रनाथांना स्वतःचा मोठा चाहतावर्ग आणि एक मैत्री पणाला लावावी लागली.

१७ सप्टेंबरला पथक कँटनला पोचलं. स्वागताला सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंगलिंग होत्या. पथक आत सरकत होतं आणि मागून शहरं पडत होती. ऑक्टोबरात कँटन पडलं, त्याच महिन्यात वुहानही. डॉक्टर मंडळी वुहानहून यीचांग आणि तिथून तात्पुरती राजधानी चोंगकिंग इथे पोचली. तिथे शांतिनिकेतनच्या चीना भवनचे तान युन-शान यांनी पाचही जणांना चिनी नावं दिली. प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन. कोटणीसांचं झालं क दिहुआ.

इथे दुसरा अवघड प्रश्न येतो. आपण म्हणतो 'चीनच्या पाठीशी'. पण कुठला चीन? अधिकृत सरकार च्यांग काय-शेक यांचं. डॉक्टर मागणारं पत्र मात्र चू द यांचं, म्हणजे कम्युनिस्टांच्या सेनेचं. कागदावर दोघांची जपानविरुद्ध आघाडी होती, प्रत्यक्षात एकमेकांवर डोळा होता. पथक काही महिने सरकारी भागातल्या रुग्णालयांत काम करत राहिलं. मग त्यांनी उत्तरेला, कम्युनिस्टांच्या येनानला जायचं ठरवलं आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये तिथे पोचले. मे महिन्यात माओंनी नेहरूंना आभाराचं पत्र लिहिलं. ऑगस्टमध्ये नेहरू स्वतः चोंगकिंगला गेले, तिथे च्यांग यांचे पाहुणे होते. येनानला जायचं मनात होतं, पण युरोपात युद्धाचा भडका उडाला आणि त्यांना परतावं लागलं. काँग्रेसनं दोन्ही चीनशी संबंध ठेवला. कोणी याला संधिसाधूपणा म्हणेल. मला वाटतं, दुसऱ्याच्या घरात आग लागलेली असताना भावांच्या भांडणात निवाडा द्यायला न बसणं शहाणपणाचं होतं. पण डॉक्टरांना तेवढी चैन परवडणारी नव्हती. त्यांना एका ठिकाणी टेबल मांडून शस्त्रक्रिया करायच्या होत्या, आणि त्यांनी जागा निवडली.

चोंगकिंगमध्येच कोटणीसांना वडील गेल्याची बातमी कळली होती. सोलापुरात मागे आई आणि भावंडं. सोबतच्यांनी परत जा म्हणून सांगितलं, ते गेले नाहीत. मराठीत त्यांच्यावर जे लिहिलं गेलं त्यात हा प्रसंग 'त्याग' म्हणून येतो. मला त्यात कोटणीसांइतकंच त्यांचं घर दिसतं. कर्ता माणूस गेला, शिकलेला मुलगा युद्धात. या घरानं चीनला काय दिलं याची पावती २२ हजारांच्या निधीत सापडणार नाही.

पाच जणांतून मुखर्जी मूत्रपिंडाच्या आजारानं परत आले. चोळकर परतले. १९४० मध्ये अटलही आजारपणामुळे परतले. हे सांगताना लोक जरा संकोचतात, जणू परत येणं कमीपणाचं. काही नाही. थंडी, अपुरं अन्न, अंगावर आलेले आजार सोसून ते परतले. राहिले बसू आणि कोटणीस. हे दोघं आणखी पुढे, जपानी फौजेच्या पिछाडीला असलेल्या जिन-चा-जी या सीमाभागात गेले. शान्शी, चाहार आणि हबेई या तीन प्रांतांच्या डोंगराळ सीमेवरचा तो गनिमी मुलूख. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून तिथेच काम करत होते. नोव्हेंबर १९३९ मध्ये शस्त्रक्रियेत बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन ते वारले. त्यांच्या नावानं सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे कोटणीस १९४१ च्या जानेवारीत संचालक झाले.

रुग्णालय म्हटल्यावर इमारत डोळ्यांसमोर आणू नका. गावातल्या शेतकऱ्यांच्या घरांत जखमी ठेवलेले असत. जपानी तुकडी येतेय अशी खबर आली की सगळं पाठीवर टाकून डोंगरात जायचं. औषधं मिळणं मुश्कील, कारण एकीकडे जपानी वेढा आणि दुसरीकडे च्यांग यांच्या सैन्याची नाकेबंदी. त्यातच वैद्यकीय शाळा चालायची. कोटणीस तिथे शिकवत, आणि शिकवत चिनी भाषेतून. ते ती भाषा बोलायला, वाचायला शिकले होते. मुलांसाठी शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तक लिहायला घेतलं होतं. माझ्या दृष्टीनं त्यांच्या कामातला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. शस्त्रक्रिया केली की एक माणूस वाचतो. शिकवलेला विद्यार्थी तुम्ही गेल्यावरही काम करत राहतो. परदेशी मदतीत हा फरक फार थोड्यांना सुचतो.

१९४१ च्या अखेरीस त्यांनी त्याच संस्थेतल्या परिचारिका-शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. सेनापती निए रोंगझेन यांनी नाव सुचवलं यिनहुआ. यिन म्हणजे हिंदुस्थान, हुआ म्हणजे चीन. त्याच उन्हाळ्यात कोटणीस चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झाले होते. अपस्माराचे झटके आधीपासून येत होते, ते वाढले. ९ डिसेंबर १९४२ रोजी हबेईतल्या तांग परगण्यातल्या गगोंग गावी ते गेले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

आता १९४२ हे साल इकडून बघा. कारण इथे बांधिलकीची खरी ओढाताण दिसते. मेपर्यंत जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि चीनला माल पोचवणारा रस्ता बंद झाला. यापुढे चीनला जे काही मिळणार ते आसामातून, विमानानं हिमालय ओलांडून. म्हणजे चीनच्या लढाईला इंग्रजांच्या ताब्यातला हिंदुस्थान तळ म्हणून हवा होता. आणि त्याच वेळी आपण इंग्रजांना म्हणत होतो, चालते व्हा. फेब्रुवारीत च्यांग काय-शेक स्वतः हिंदुस्थानात येऊन गांधीजींना भेटून गेले होते. १४ जूनला गांधीजींनी त्यांना पत्र लिहून खात्री दिली की आमच्या मागणीनं चीनच्या संरक्षणाला धक्का लागू देणार नाही. स्वतंत्र हिंदुस्थानात दोस्त सैन्य राहायला त्यांनी मान्यता दिली, ती मोठ्या प्रमाणात या विचारानं. जुलैत 'हरिजन'मध्ये त्यांनी जपानी जनतेला उद्देशून लेख लिहिला, की आम्ही तुमच्या स्वागताला तयार आहोत अशा भ्रमात राहू नका. आणि ८ ऑगस्टच्या 'छोडो भारत' ठरावातही चीन आणि रशियाच्या संरक्षणात अडथळा आणायची इच्छा नाही, हे स्पष्ट लिहिलं आहे. स्वतःच्या स्वातंत्र्याचा शेवटचा लढा पुकारताना त्याच कागदावर दुसऱ्या देशाची काळजी लिहिणं, हे मला त्या ठरावातलं सगळ्यांत कमी वाचलं गेलेलं वाक्य वाटतं.

आणि सुभाषबाबू? हा प्रश्न कोणीतरी विचारणारच, म्हणून मीच घेतो. ज्यांनी ३० जूनचं आवाहन काढलं, तेच १९४३ मध्ये टोकियोला पोचले. त्यांच्या आझाद हिंद सरकारला मान्यता देणाऱ्यांत नानजिंगचं वांग चिंगवेई यांचं जपानधार्जिणं सरकारही होतं, आणि त्या नोव्हेंबरात बोस नानजिंगला जाऊनही आले. म्हणजे ज्या शहरात हत्याकांड झालं, त्याच शहरात. काही लोक यावरून १९३८ चं आवाहन खोटं ठरवतात, काही लोक हा भाग सांगतच नाहीत. दोन्ही मला पटत नाही. ऑक्टोबर १९३७ च्या 'मॉडर्न रिव्ह्यू'मध्ये जपानच्या भूमिकेवर बोस यांचा लेख आहे. त्यात पाश्चात्त्यांना धक्का देणाऱ्या जपानचं कौतुक आहे आणि चीनचा घास घेणाऱ्या जपानचा निषेधही आहे. दोन्ही गोष्टी त्यांच्या मनात पहिल्यापासून होत्या. १९४३ मध्ये त्यांनी एक निवडली, आणि ती निवडण्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी दिली होती. चिनी माणसानं. त्यांच्या देशभक्तीबद्दल शंका न घेताही एवढं म्हणता येतं.

कोटणीसांचं नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं ते सिनेमामुळे. ख्वाजा अहमद अब्बास यांनी पथकावर पुस्तक लिहिलं, त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला. कोटणीस स्वतः शांताराम झाले, पत्नीची भूमिका जयश्रीबाईंनी केली. पुढे पन्नाशीच्या दशकात मैत्रीच्या घोषणा, मग १९६२ चं युद्ध, आणि हे नाव घ्यायचं की नाही याचाच लोकांना पेच पडला. १९६२ झालं, मग १९३८ चा काय उपयोग, असं विचारणारे आजही भेटतात. त्यांना मी उलट विचारतो, त्या शेतकऱ्याच्या घरात पाय कापावा लागलेल्या पोराला वीस वर्षांनंतरची सीमा माहीत होती का? मदत ही मुदत ठेव नव्हे, की इतक्या वर्षांनी व्याजासकट परत मिळावी. मात्र दोन्ही सरकारांनी तिचा वापर नेमका तसाच केला. संबंध सुधारायचे असले की कोटणीस आठवतात. चीननं १९८२ मध्ये टपाल तिकीट काढलं, आपण १९९३ मध्ये. सोलापुरात त्यांच्या घरी स्मारक आहे, शिजियाझुआंगच्या हुतात्मा उद्यानात समाधी आहे, आणि मोठे पाहुणे आले की फुलं वाहिली जातात.

नावात दोन देश घेऊन जन्मलेला यिनहुआ १९६७ साली, वैद्यकीय शिक्षण घेत असताना वारला. क्वो छिंगलान भारतात अनेकदा येऊन गेल्या, सासरच्या माणसांना भेटल्या, आठवणी लिहिल्या. २०१२ मध्ये दालियन इथे त्यांचं निधन झालं. डॉ. बसू १९४३ मध्ये कलकत्त्याला परतले होते. १९५८ मध्ये ते पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि आल्यावर इथे त्याच सुयांनी रुग्ण तपासायला लागले. भारतात ही पद्धत आणणारे म्हणून आज त्यांचं नाव घेतात.

अटल यांच्याबद्दल मी आज फार बोललो नाही, कारण ते ज्या स्पेनमधून आले होते त्या स्पेनवर पुढचं व्याख्यान आहे. आता प्रश्न घेऊ. कापसाच्या तहाबद्दल काही असेल तर आधी विचारा, ते आकडे अजून फळ्यावर आहेत.